सुकाणूचा पासंग

५ फेब्रुवारी, गुरुवार

बोट घेतली. साडेपाच मीटर लांब, वीस वर्षांची. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी आणि मध्ये बसायला ताणलेली जाळी. हिला कॅटॅमरान म्हणतात, गोदीतली माणसं नुसतंच 'जुळी' म्हणतात. दोन होड्या म्हणून मागे दोन सुकाणू. ते एका आडव्या जोडदांडीने एकमेकांना बांधलेले, आणि चालवणाऱ्याच्या हातात मात्र एकच दांडा.

विकणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. यजमान दातांचे डॉक्टर होते, पण धक्क्यावर सगळे त्यांना कप्तान म्हणत, म्हणून या कप्तानबाई. कप्तान चार वर्षांपूर्वी गेले. घरी, पलंगावर, झोपेत. बाईंनी शिडांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हात सोडला की ही थांबते. तेवढं लक्षात ठेवा."

मी मान डोलावली. ब्रेक नसलेली वस्तू थांबते कशी, हे वयस्कर बाईंना विचारणं बरं दिसलं नसतं. पण शेजारी उभ्या असलेल्या आमच्या हिने ते वाक्य पदराला गाठ मारल्यासारखं जपलं. घरी आल्यावर म्हणाली, "ती सोडली की थांबते हे खरं असेल, तर मी येईन. आधी डोळ्यांनी बघेन, मग येईन."

हिला पोहता येत नाही. मी पोहतो, पण आता एकोणसत्तर वर्षं पूर्ण आहेत.

बोट का घेतली ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर उत्तर शोधायला नको. मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. ही इस्पितळात परिचारिका, बहुतेक रात्रपाळी. मी घरी आलो की ही निघालेली, ही आली की मी निघालेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं दीपगृहाचं बेट दिसतं. ते आम्ही दोघांनी तीस वर्षं पाहिलं, पण वेगवेगळ्या वेळी. तिथे एकदा दोघांनी मिळून जायचं आहे. बाकी काही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मिस्तरींबरोबर पहिली फेरी. मिस्तरी म्हणजे गोदीतले बोटी दुरुस्त करणारे. बोलणं कमी, आणि बोललेलं सहसा खरं ठरतं.

दांडा फार जड. बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते. तासाभरात उजवा खांदा भरून आला. मी म्हटलं, मला नीट धरता येत नसेल. नाचता येईना अंगण वाकडं.

"अंगणही थोडं वाकडं आहे, साहेब," मिस्तरी म्हणाले. "दोन्ही सुकाणू समांतर नाहीत. दोन बैल, एक घराकडे ओढतोय, एक शेताकडे."

ही धक्क्यावरच्या बाकावर विणकाम घेऊन बसली होती. हिला पाण्यावरची हवा मानवते. माझ्यासाठी डबा आणला होता, शिवाय आणखी एक. दुसरा कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, "जास्त झालं होतं." चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईचा अंदाज चुकावा, याचं नवल वाटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज आयुष्यातलं सगळ्यात सुंदर मोजमाप केलं.

बोट गोदीतल्या लाकडी घोडीवर चढवली. प्रत्येक सुकाणूच्या पात्याला एक सरळ लाकडी पट्टी बांधली. मग दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढच्या टोकाला मोजलं आणि मागच्या टोकाला मोजलं. दोन्ही सारखं आलं तर पाती समांतर. फरक चौदा मिलिमीटर निघाला. चौदा! खात्यात असतो तर दुकानाला टाळं लावलं असतं.

जोडदांडीच्या टोकाला आटे आहेत. सैल करायचे, अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा मोजायचं. सकाळी नऊला बसलो तो दुपारी दोनला उठलो. फरक शून्य.

मिस्तरी म्हणाले, "पुढच्या बाजूला दोन मिलिमीटर कमी ठेवा. पाण्याच्या दाबाने सरळ होतं."

मी ठेवले नाहीत. जे सरळ आहे त्याला मुद्दाम वाकडं करून पाण्यावर भरवसा ठेवायचा, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. लोक मला नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात. काही जण कौतुकाने म्हणतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पाण्यावर गेलो. वाकड्या पात्यांमुळे होणारी घरघर गेली, वेग वाढला. पण दांडा अजून जड, आणि वाऱ्याकडे वळायची खोड तशीच. मध्येच एक दोरी अडकली म्हणून क्षणभर दांडा सोडला, तर बोट गर्रकन वळली, वाऱ्यासमोर नाक करून उभी राहिली, आणि शीड नुसतं फडफडत बसलं. रस्त्यात फतकल मारणाऱ्या हट्टी पोरासारखी. दोष अजून शिल्लक आहे. शोधला पाहिजे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दोष सापडला.

पाती त्यांच्या खोबणीतून बाहेर काढली. प्रत्येक खोबणीत एक लाकडी पाचर बसवलेली. त्या पाचरीमुळे पातं उभं सरळ राहत नाही, मागच्या बाजूला कललेलं राहतं. दांडा जड का, ते आता समजलं.

नोकरीत असताना एका दुकानदाराचा तराजू उलटा करून पाहिला होता. पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक तेवढ्याने नागवलं जात होतं. तो माणूस मला म्हणाला, साहेब, तराजू जरा झुकत होता, म्हणून पासंग लावला. सगळे तेच म्हणतात. तराजूचा दोष झाकायला लावलेलं वजन म्हणजे पासंग, आणि पासंग म्हणजे निम्मी चोरी. हे मी तीनशे दुकानांत शिकलो.

इथेही तेच. कप्तानांनी बोटीतली काहीतरी खोट झाकायला पाचरी मारल्या असणार. एक मात्र मान्य केलं पाहिजे, काम फार नीट आहे. कठीण लाकूड, चारी बाजूंनी तासलेलं, तीन हात वार्निश. एकीवर पेन्सिलीने 'डावी' लिहिलंय, दुसरीवर 'उजवी'. एकीची जाडी एकोणीस मिलिमीटर, दुसरीची साडेसतरा. लबाडीसुद्धा माणसाने अशी करावी.

मिस्तरी बराच वेळ त्या हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "कप्तान बावळट नव्हते, साहेब."

"मी कुठे बावळट म्हणालो?" मी म्हटलं, "हुशारच होते."

पाचरी घरी आणून केराच्या डब्यात टाकल्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस नीट समजला नाही. जसा घडला तसा लिहितो.

पाचरी काढल्यावर बोट ओळखू येईना. दांडा दोन बोटांनी धरता येतो. जिकडे नाक तिकडे चाल. मला इतका आनंद झाला की मी धक्क्याला लागून हिला म्हटलं, "चल, आजच बघ."

ही आली. पहिल्यांदाच. जाकीट स्वतः घातलं, माझ्या जाकिटाचे पट्टे ओढून पाहिले आणि एक घट्ट केला. जाळीच्या मधोमध बसून दोरी दोन्ही हातांनी धरली. थोडं बाहेर गेल्यावर म्हणाली, "आता सोडून दाखवा."

मी दांडा सोडला. दोन्ही हात वर केले.

बोट सरळ निघाली. रेघ मारल्यासारखी. मी मोठ्याने तीसपर्यंत मोजले, ती तसूभरही ढळली नाही. पाच तास केलेल्या मोजमापाची याहून चांगली पावती नसते. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी हिच्याकडे पाहिलं. हिचं लक्ष बोटीकडे नव्हतंच. ती मागे वळून पाहत होती, आम्ही पाण्यावर जिथून आलो तिथे.

"परत चला," म्हणाली.

धक्क्यावर उतरून जाकीट काढलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं. "मी येणार नाही."

१६ फेब्रुवारी, सोमवार

कारण विचारलं. म्हणाली, "थांबली नाही."

मी म्हटलं, "अगं, बोट थांबायला असते का? जायला असते. वाकडी होती तेव्हा तू यायला तयार होतीस, आणि सरळ केल्यावर नाही म्हणतेस?"

"हो," म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.

मला राग आला, हे लिहून ठेवतो. एकतीस वर्षांत एकाही दुकानदाराने मला इतक्या कमी शब्दांत हरवलं नव्हतं. स्वयंपाकघराचं दार रागाने लावायला गेलो तर लागेना. खाली 'डावी' पाचर अडकवलेली. हिने ती केरातून काढून दाराला लावली आहे. घरात काही वाया जाऊ द्यायचं नाही, ही हिची जुनी सवय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

या आठवड्यात चार वेळा एकटाच गेलो. बोट उत्तम. मी मात्र तितका उत्तम नाही. बेटाच्या अर्ध्या वाटेपर्यंत जातो आणि परत फिरतो. एकट्याने जायचं असतं तर धक्क्यावरच्या इंजिनाच्या लाँचने केव्हाच गेलो असतो.

ही रोज धक्क्यावर असते. बोटीला नाही म्हणाली पण बाक सोडत नाही. विणकाम काही पुढे सरकलेलं दिसत नाही. सोबत तेच दोन डबे. दुसरा डबा लाँचवाल्याला देते असं आज कळलं. लोकांना आग्रह करून जेवू घालायची हिला हौसच आहे. लाँचवाला हल्ली दुपारी घरी जात नाही, धक्क्याला इंजिन गरम ठेवून बसलेला असतो. इंधन फुकट जातं, असं मी त्याला एकदा सुनावलंही. तो हसला.

मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आई म्हणते ते ऐका ना."

"ती काही म्हणतच नाही," मी म्हटलं.

"तेच ऐका."

आईवर गेली आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहवत नाही. उद्या लिहीन.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काल सव्वाअकरा वाजता मी पाण्यात पडलो.

वारा मध्यम, आकाश निरभ्र, लाट नाही. तक्रार करायला जागाच नाही. पुढच्या शिडाची दोरी अडकली होती ती सोडवायला दांडा ठेवून उठलो. पाय जाळीच्या कडेवर घसरला. डोकं वर काढलं तेव्हा बोट पाच-सहा हातांवर होती. हाक मारण्याइतकी जवळ. मी खरंच हाक मारली, याची आता लाज वाटते.

ती थांबली नाही. का थांबावी? फरक शून्य होता. माझ्या डोळ्यांदेखत ती माझ्यापासून सरळ निघून गेली, दोन्ही सुकाणूंच्या मागे दोन समांतर फेसाळ रेघा ओढत. इतकी सरळ जाणारी वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला असताना माझ्या मनात आलं ते हेच, आणि मला वाटतं कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात तेव्हा दुसरं काहीतरी आलं असतं.

मग थंडी आली. पोहून बोट गाठता येत नाही हे वीस हात मारल्यावर समजलं. किनारा दीड किलोमीटर. जाकीट होतं म्हणून वर राहिलो. पट्टा घट्ट होता, तो दर वेळी निघताना हीच ओढते. भीती वाटली. मरणाची वाटली, पण तिच्याहून जास्त अशी की ही बाकावर बसून रिकामी बोट जाताना पाहत असेल.

योगायोग असा की लाँच सुरूच होती. मला फार तर बारा मिनिटं झाली असतील. लाँचवाल्याने काखेत हात घालून वर ओढलं. पुढे ही उभी होती, पोहता न येणारी बाई, कठड्याला न धरता. घोंगडी आणलेली. माझी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, आकडा लाँचवाल्याला सांगितला, जणू तो वॉर्डातला डॉक्टर. घरी येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.

बोट पलीकडच्या चिखलात जाऊन रुतली. ओरखडासुद्धा नाही.

१ मार्च, रविवार

कप्तानबाईंकडे गेलो. त्यांना कळलंच होतं. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "पाचरी काढल्यात का?"

मी हो म्हटलं. मग जे मला तीन आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"नवी असताना फार पळायची," त्या म्हणाल्या. "एकदा हे पडले. मी वर एकटी. मला दांड्यातलं काही कळत नव्हतं. नुसती बसून राहिले आणि बोट मला यांच्यापासून लांब घेऊन गेली. एका मच्छीमाराने यांना उचललं. घरी आल्यावर मी सांगितलं, ही बोट तुमच्यासाठी थांबायला शिकेल तेव्हाच मी बसेन. महिनाभर लाकडं तासत होते. एक पातळ झाली, एक जाड झाली. शेवटी जमलं. पातं मागे कललं की बोट सारखी वाऱ्याकडे वळू पाहते. हात असेपर्यंत तुम्ही तिला धरून ठेवता. हात गेला की वळते, शिडातलं वारं जातं आणि उभी राहते."

"दांडा जड होतो," मी म्हटलं.

"होतो ना. सोळा वर्षं खांद्याला मलम चोळलं मी." मग म्हणाल्या, "सरळ बोटाने तूप निघत नाही, साहेब."

पेन्सिलीची अक्षरं कुणाची, ते विचारलं. बाईंची स्वतःचीच.

येताना सारखा तो मेणाचा गोळा आठवत होता. तीनशे दुकानांत मी जे शिकलो ते चूक नव्हतं. पण मी तराजू उलटा करून पाहिला आणि ज्याच्यासाठी पासंग लावला होता त्या माणसाला विचारलं नाही. खात्यातसुद्धा आधी जबाब घेतात, मग जप्ती करतात.

३ मार्च, मंगळवार

'डावी' दाराखालून काढली. 'उजवी' कुठेच नाही. केर त्याच आठवड्यात गेला असणार. मिस्तरी म्हणाले, "नवी करू. पण साडेसतरा म्हणजे साडेसतराच का, हे कप्तानांनाच ठाऊक. आपल्याला दहा वेळा तासावी लागेल."

ही शिवणाचा डबा घेऊन आली. सुयांच्या खाली, बटणांच्या पुरचुंडीशेजारी 'उजवी' ठेवलेली होती.

"तू कधी काढून ठेवलीस?"

"तुम्ही टाकलीत त्या दिवशी. नावं घातलेली वस्तू कुणी उगाच करत नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही फार खुशीत होतात," म्हणाली.

मिस्तरींनी पाचरी बसवल्या. जाताना मी म्हटलं, "पुढच्या बाजूला दोन मिलिमीटर कमी ठेवायचे का?" ते म्हणाले, "ठेवले की परवाच. चिखलातून ओढून आणली तेव्हा." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं काही ते म्हणाले नाहीत. मनात म्हणाले असतील.

८ मार्च, रविवार

हिने जाकीट घातलं. माझे पट्टे ओढले. धक्क्यावर लाँचवाला नेहमीसारखा बसलेला. हिने त्याच्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "आज अर्धा तास बस. मी हात केला की घरी जा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "हा तुझ्या डब्यावर कधीपासून आहे?"

"तुम्ही पहिल्यांदा गेलात त्या दिवसापासून."

ही वही मागे चाळून पाहिली. आठ वेळा मी पाण्यावर गेलो होतो. आठ डबे. हवा मानवते म्हणे. मला फार ओशाळल्यासारखं झालं, आणि फार बरंही वाटलं. हे दोन्ही एकदम वाटू शकतं हे माहीत नव्हतं.

थोडं बाहेर आल्यावर मी दांडा सोडायला निघालो, तर म्हणाली, "तुम्ही नाही. इकडे द्या."

तिने दांडा दोन्ही हातांनी धरला. "जड आहे," म्हणाली, समाधानाने. मग सोडला. बोट वळली, वाऱ्यासमोर उभी राहिली, शीड फडफडू लागलं. हिने पुन्हा धरली, चालवली, पुन्हा सोडली. तीन वेळा. तिन्ही वेळा थांबली.

"पाहिलंस," मी म्हटलं. "आता झालं ना?"

"नाही. आता पडा."

"काय?"

"उडी मारा. मला करून बघायचंय. वॉर्डात नुसतं तोंडी कधी शिकवलं नाही आम्हाला."

नवऱ्याला अशी आज्ञा करणारी बाई जगात दुसरी असेल असं वाटत नाही. मी चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि उडी मारली. पाणी त्या दिवसाइतकंच थंड होतं. डोकं वर काढलं.

बोट उभी होती. चष्मा नव्हता म्हणून सगळं अस्पष्ट दिसत होतं, पण पांढरं शीड एकाच जागी हलत होतं आणि त्याच्याखाली ही जाळीच्या कडेला गुडघे टेकून, एक हात दोरीला आणि दुसरा माझ्याकडे लांब केलेला. मोठ्याने मोजत होती. मी पोहत गेलो. चौदाव्या आकड्याला तिचा हात लागला.

वर ओढून घेतलं. नाडी पाहिली. मग वळून धक्क्याकडे हात केला.

बेटावर पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. दीपगृह जवळून अगदीच साधं आहे, रंग उडालेला. तिथून आमची स्वयंपाकघराची खिडकी दिसते. आम्ही बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो. खिडकीत कुणी नव्हतं.

खांदा दुखतो आहे. ही मलम शोधते आहे.